आई-वडिलांसोबत पहिली मॅरेथॉन : वेग कुणाचा धरायचा?

धावणे ही शाळकरी मुलांची, पोलीसभरतीच्या उमेदवारांची किंवा फार तर खेळाडूंची गोष्ट, अशी समजूत महाराष्ट्राच्या शहरांत बराच काळ होती. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, तेव्हाही सर्वसामान्य नागरिकाच्या दृष्टीने मॅरेथॉन हा रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहण्याचा सोहळा होता. २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि कडेला उभी असलेली माणसे हळूहळू रस्त्यावर उतरू लागली. बँकेतले, शाळेतले, सरकारी कचेरीतले लोक पहाटेचा गजर लावून सराव करू लागले.

या गर्दीत आता एक वेगळी जोडी दिसते. तिशीतली मुलगी आणि साठीला टेकलेले वडील; किंवा नोकरदार मुलगा आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावरची आई. दोघांचीही ही पहिलीच मॅरेथॉन असते. कुणाच्या घरी डॉक्टरांनी मधुमेहाचा इशारा दिल्यावर बूट खरेदी झालेले असतात, कुणाकडे मुलाने धरलेल्या हट्टापायी, तर कुणाकडे उलट, वडिलांच्या नादाने मुलगा अंथरुणातून उठलेला असतो. कल्पना मोहक आहे. सोबत निघायचे, सोबत धावायचे, हातात हात घेऊन अंतिम रेषा ओलांडायची.

तथापि, या कल्पनेत एक पेच दडलेला आहे. पंचवीस-तीस वर्षांचे अंतर असलेल्या दोन शरीरांना एकच वेग सारखा मानवत नाही. एकाला जी गती गप्पांची वाटते, तीच दुसऱ्याला धाप लावते. आणि ही दोन माणसे नात्याने इतकी जवळची असतात, की त्रास होत असूनही तो बोलून दाखवायला दोघेही कचरतात. सोबतीच्या मॅरेथॉनमधला खरा धोका पायांच्या दुखण्यात नसून या न बोलण्यात आहे. म्हणूनच वेग कुणाचा धरायचा आणि एकाला थांबावे लागले तर दुसऱ्याने काय करायचे, या दोन प्रश्नांची उत्तरे रस्त्यावर शोधण्याऐवजी घरी ठरवून निघणे शहाणपणाचे ठरते.

पल्ला किती मोठा?

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते प्रथम धावले गेले आणि १९२१ साली आंतरराष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाने ते प्रमाण म्हणून स्वीकारले. पाच, दहा किलोमीटरच्या किंवा अगदी अर्धमॅरेथॉनच्या शर्यतींना 'मॅरेथॉन' म्हणण्याची आपल्याकडे सवय असली, तरी पूर्ण पल्ल्याचे गणित निराळे आहे. एकवीस किलोमीटर धावणाऱ्याला बेचाळीस म्हणजे फक्त दुप्पट, असे वाटते. शरीराला मात्र ते तसे वाटत नाही.

स्नायू आणि यकृत यांत साठवलेले ग्लायकोजेन हे धावण्याचे प्रमुख इंधन. त्याचा साठा मर्यादित असतो. साधारण तीस ते पस्तीस किलोमीटरच्या दरम्यान हा साठा तळाला लागतो, मग पाय शिशाचे होतात, मन सैरभैर होते. धावपटू याला 'भिंत' म्हणतात. सराव, वाटेतले खाणे आणि सुरुवातीचा संयम या तीन गोष्टींनी ही भिंत पुढे ढकलता येते. सुरुवातीला अवाजवी वेगाने धावणाऱ्याला ती लवकर गाठते. सोबत धावणाऱ्या जोडीत जो मुळात संथ आहे, त्याला जोडीदाराच्या वेगाने पहिली दहा किलोमीटर नेले, तर तिसाव्या किलोमीटरची त्याची अवस्था आपणच ठरवून टाकलेली असते.

वेळेचा हिशेबही आधी मांडायला हवा. पाच तासांत मॅरेथॉन पूर्ण करायची तर दर किलोमीटरला सुमारे ७ मिनिटे ७ सेकंद लागतात. सहा तासांत करायची तर ८ मिनिटे ३२ सेकंद. पहिल्यांदा धावणाऱ्या साठीच्या व्यक्तीला सहा तास लागले, तर त्यात कमीपणा नाही. मात्र पहाटे पाचला निघालेली जोडी सहा तासांनी पोहोचते तेव्हा अकरा वाजलेले असतात आणि मुंबईचे दमट ऊन चांगलेच तापलेले असते. जो मुलगा एकटा पावणेपाच तासांत पोहोचला असता, त्यालाही आता सव्वा तास अधिक पायांवर, अधिक उन्हात काढायचा असतो. वडिलांच्या वेगाने धावायचे म्हणजे आपल्यासाठी सोपे, असे समजून सराव कमी करणारी मुले नेमकी इथे फसतात.

वयाचे गणित

वय वाढते तसा हृदयाच्या ठोक्यांचा कमाल दर कमी होत जातो. तो काढण्यासाठी '२२० वजा वय' हे जुने सूत्र प्रचलित आहे. २००१ साली पुढे आलेले '२०८ वजा वयाच्या ०.७ पट' हे सूत्र प्रौढांसाठी अधिक जवळचे मानले जाते. त्यानुसार तीस वर्षांच्या व्यक्तीचा कमाल दर मिनिटाला साधारण १८७, तर साठ वर्षांच्या व्यक्तीचा १६६ येतो. आता दोघांच्याही मनगटावरच्या घड्याळात १५० हा आकडा दिसतो आहे, असे समजू. मुलीच्या दृष्टीने ते कमाल क्षमतेच्या ८० टक्के झाले, वडिलांच्या दृष्टीने ९० टक्के. आकडा एकच, पण पहिलीला तो तासन्‌तास पेलता येईल, दुसऱ्याला तो फार काळ झेपणारा नाही. ही सूत्रे सरासरीची आहेत, व्यक्तीगणिक दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. तरीही 'माझ्याएवढेच तर ठोके आहेत बाबांचे' या समाधानात अर्थ नाही, हे त्यावरून कळते.

शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमताही तिशीनंतर बैठ्या माणसात दर दशकाला सुमारे दहा टक्क्यांनी घटते. नियमित कसून व्यायाम करणाऱ्यांत ही घट जवळपास निम्म्यावर येऊ शकते. म्हणजे घसरण थांबवता येत नाही, तिचा उतार मात्र सौम्य करता येतो.

हा उतार किती सौम्य होऊ शकतो, याचे उदाहरण उत्तर आयर्लंडच्या ह्यूज पिता-पुत्रांनी घालून दिले. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन धावलेले टॉमी ह्यूज आणि त्यांचा मुलगा इऑन यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये फ्रँकफर्ट मॅरेथॉनमध्ये भाग घेतला. टॉमी तेव्हा ५९ वर्षांचे होते, इऑन ३४ वर्षांचा. दोघांच्या वेळांची बेरीज ४ तास ५९ मिनिटे २२ सेकंद झाली आणि पिता-पुत्रांच्या एकत्रित वेळेचा गिनेस विक्रम त्यांच्या नावे लागला. गंमत अशी, की वडिलांनी २ तास २७ मिनिटे ५२ सेकंदांत शर्यत पूर्ण केली आणि मुलाला २ तास ३१ मिनिटे ३० सेकंद लागले. पुढे संशोधकांनी टॉमी यांची प्रयोगशाळेत तपासणी केली, तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता अनेक तरुणांना हेवा वाटावा अशी निघाली.

सर्वसामान्य कुटुंबाने या विक्रमाशी स्पर्धा करण्याचे कारण नाही. त्यातून घेण्याजोगा धडा असा, की जोडीत संथ कोण, हे जन्मतारखेवरून ठरवू नये. रोज टेकडी चढणारी साठीची आई आणि दिवसाचे दहा तास संगणकासमोर बसणारा मुलगा, अशा जोडीत थांबावे लागण्याची पाळी मुलावरही येऊ शकते.

नवख्यांसाठी अधिक दिलासा देणारा अभ्यास लंडनमधला आहे. २०१६ आणि २०१७ च्या लंडन मॅरेथॉनसाठी प्रथमच तयारी करणाऱ्या १३८ जणांची संशोधकांनी सरावापूर्वी आणि शर्यतीनंतर तपासणी केली. सुमारे सहा महिन्यांच्या सरावाने त्यांचा रक्तदाब सरासरी ४ आणि ३ अंकांनी (वरचा आणि खालचा) उतरला. महाधमनीचा ताठरपणा इतका कमी झाला, की रक्तवाहिन्यांचे 'वय' जणू चार वर्षांनी घटले. विशेष म्हणजे अधिक वयाच्या, संथ धावणाऱ्या आणि आधीच रक्तदाब जास्त असलेल्या पुरुषांना याचा लाभ अधिक झाला. थोडक्यात, पदकापेक्षा सरावाचे महिने मोलाचे, आणि ते वडीलधाऱ्यांच्या बाबतीत अधिकच.

आधी तपासणी, तीही दोघांची

मॅरेथॉनमध्ये कुणी कोसळल्याची बातमी आली, की घरोघरी धावण्याविरुद्ध मतप्रदर्शन सुरू होते. आकडे काय सांगतात? अमेरिकेत २००० ते २०१० या काळातील मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉनच्या १ कोटी ९ लाख धावकांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात हृदयक्रिया बंद पडण्याच्या ५९ घटना आढळल्या, म्हणजे सुमारे १ लाख ८४ हजार धावकांमागे एक. पूर्ण मॅरेथॉनमध्ये हे प्रमाण अर्धमॅरेथॉनच्या जवळपास चौपट होते, पुरुषांत स्त्रियांपेक्षा अधिक होते आणि बहुतेक घटना शर्यतीच्या अखेरच्या चतुर्थांशात घडल्या होत्या. २०२५ साली याच पथकाने २०१० ते २०२३ या काळाचा आढावा घेतला. घटनांचे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले होते, पण त्यांतून होणारे मृत्यू निम्म्यावर आले होते. तातडीने छाती दाबून दिलेले कृत्रिम श्वसन-अभिसरण आणि विजेचा झटका देणाऱ्या यंत्राची उपलब्धता यांचा त्यात मोठा वाटा आहे. सोबत धावणाऱ्या मुलाने किंवा मुलीने ही प्राथमिक प्रक्रिया, म्हणजे सीपीआर, एका दिवसाच्या प्रशिक्षणात शिकून घेणे हा महागड्या बुटांपेक्षा चांगला खर्च आहे.

धोका एकूण अल्प असला, तरी तो सर्वांना सारखा नसतो. दक्षिण आशियाई लोकांत हृदयविकार तुलनेने कमी वयात गाठतो आणि मधुमेह, उच्च रक्तदाब पुष्कळदा निदानाविना राहतात. म्हणून सरावाला प्रारंभ करण्यापूर्वीच डॉक्टरांची भेट घ्यावी. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात केवळ प्रमाणपत्रापुरते जाण्यात हशील नाही. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन, ईसीजी आणि डॉक्टरांना आवश्यक वाटल्यास ट्रेडमिलवरची ताणचाचणी, एवढे सर्वसाधारणपणे पुरते. ताणचाचणी निर्दोष आली म्हणजे जन्मभराची हमी मिळाली, असेही नाही. धावताना छातीवर दडपण येणे, जबडा वा हात दुखणे, नेहमीपेक्षा अधिक धाप लागणे, भोवळ येणे यांपैकी काहीही जाणवल्यास अहवाल कितीही चांगला असला तरी थांबायलाच हवे.

तपासणी दोघांची का, याचेही उत्तर रक्तात आहे. वडिलांना वयाच्या ५५ वर्षांपूर्वी किंवा आईला ६५ वर्षांपूर्वी हृदयविकार झालेला असेल, तर मुलांसाठी तो धोक्याचा इशारा मानला जातो. वडिलांची फाइल घेऊन दवाखान्यात गेलेल्या मुलाने स्वतःचाही रक्तदाब मोजून घ्यावा.

औषधांचा विषय तितकाच महत्त्वाचा. रक्तदाबावरच्या 'बीटा ब्लॉकर' गटातील गोळ्या नाडी मंद ठेवतात, त्यामुळे घड्याळातला ठोक्यांचा आकडा फसवा ठरतो. लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्यांनी पाणी आणि क्षार यांचा तोल ढळू शकतो. मधुमेहावरील इन्सुलिन आणि काही गोळ्यांमुळे लांब धावताना साखर एकदम उतरू शकते. यांपैकी कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. सरावाचे वेळापत्रक डॉक्टरांना दाखवून मात्रा आणि वेळ ठरवून घ्यावी. शर्यतीत गुडघा दुखू नये म्हणून सकाळीच वेदनाशामक गोळी घेण्याची प्रथा तर दोघांनीही टाळावी. शरीरात पाणी कमी असताना अशा गोळ्या मूत्रपिंडावर भार टाकतात आणि थांबण्याचा इशारा देणारी वेदनाच दाबून ठेवतात.

सराव सोबत, पण आपापला

अजिबात न धावणाऱ्याने थेट मॅरेथॉनचा अर्ज भरू नये. पहिली पाच-सहा महिने चालणे आणि हलके धावणे, मग दहा किलोमीटर, मग अर्धमॅरेथॉन आणि त्यानंतर पूर्ण पल्ल्यासाठी सोळा ते वीस आठवड्यांचा स्वतंत्र सराव, असा वर्ष-दीड वर्षाचा प्रवास धरावा. साताऱ्याची डोंगरातली अर्धमॅरेथॉन, गोव्यातील स्पर्धा किंवा आपल्याच शहरातली एखादी शर्यत या टप्प्यांसाठी उपयोगी पडते.

सरावाचा कणा म्हणजे आठवड्यातून एकदाची लांब धाव. ती हळूहळू वाढवत तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत नेतात आणि शर्यतीपूर्वीचे दोन-तीन आठवडे सराव कमी करत शरीराला विश्रांती देतात. इथेच जोडीची पहिली अडचण उभी राहते. मुलगी किलोमीटरला साडेसहा मिनिटांनी आणि वडील आठ मिनिटांनी धावत असतील, तर तीस किलोमीटरअखेर दोघांत पाऊण तासाचे अंतर पडते.

यावर अनुभवी धावपटू एक साधा तोडगा काढतात. किलोमीटर ठरवण्याऐवजी वेळ ठरवायची. दोघांनी एकाच ठिकाणाहून आपापल्या वेगाने निघायचे, ठरलेल्या वेळी, समजा सव्वा तासाने, जिथे असू तिथून मागे फिरायचे. दोघांचा वेग कायम राहिला, तर दोघेही जवळपास एकाच वेळी मूळ जागी पोहोचतात. शिवाजी पार्कसारख्या मैदानाभोवतीच्या छोट्या फेऱ्यांचाही असाच फायदा होतो. वेग निराळा असला तरी दर फेरीला गाठ पडते, पाण्याची बाटली एका जागी ठेवता येते आणि दुसऱ्याचा चेहरा पाहता येतो.

शर्यतीचा वेग जुळवण्यासाठी महिन्यातून एक-दोन लांब धावा मात्र खांद्याला खांदा लावून, दोघांपैकी संथ असेल त्याच्या वेगाने कराव्यात. हा वेग ओळखण्याची कसोटी सोपी आहे. त्याला धावताना पूर्ण वाक्य बोलता यायला हवे. उत्तरे 'हो', 'नाही' एवढ्यावर आली, की वेग जास्त झाला असे समजावे. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांसाठी तर घड्याळापेक्षा हीच कसोटी खात्रीची.

धावणे आणि चालणे ठरावीक अंतराने आलटून पालटून करण्याची पद्धत अशा जोडीला विशेष मानवते. अमेरिकेचे १९७२ सालचे ऑलिम्पिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी ती लोकप्रिय केली. चार मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे, असा क्रम पहिल्या किलोमीटरपासून पाळायचा असतो, दमल्यावर नव्हे. 'चालणे म्हणजे हार' हा विचार अनेक वडिलांच्या मनातून जात नाही. पण सुरुवातीपासून मोजून चाललेला माणूस अखेरच्या दहा किलोमीटरमध्ये न चाललेल्या माणसाला मागे टाकतो, असे दृश्य प्रत्येक शर्यतीत दिसते.

वाढत्या वयात फरक पडतो तो विशेषतः सावरण्याच्या वेळेत. रविवारच्या लांब धावेनंतर मुलगा मंगळवारी पुन्हा जोमाने धावू शकेल, आईला गुरुवारपर्यंत थांबावे लागेल. तिने मधल्या दिवशी चालावे, पोहावे किंवा सायकल चालवावी. पन्नाशीनंतर स्नायूंची झीज वेगाने होते. म्हणून आठवड्यातून दोनदा उठाबशा, पायऱ्या, वजने असा ताकदीचा व्यायाम धावण्याइतकाच आवश्यक आहे. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे ठिसूळ होऊ लागतात. आईच्या नडगीचे किंवा पावलाचे एकाच बिंदूवरचे, दिवसेंदिवस वाढणारे दुखणे 'अंग दुखतंय' म्हणून सोडून देऊ नये. तो हाडाला सूक्ष्म तडा गेल्याचा इशारा असू शकतो.

आईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांसाठी मॅरेथॉन आली ती १९८४ साली, लॉस एंजेलिसमध्ये. आज साठीच्या घरात असलेल्या बहुतेक स्त्रियांना शाळेत असताना रस्त्यावरून धावणारी बाई पाहायलाही मिळाली नव्हती. चारचौघांत धावण्याचा संकोच, योग्य अंतर्वस्त्रांची खरेदी, सरावाच्या मार्गावरील स्वच्छतागृहाची सोय हे प्रश्न तिच्यासाठी वेगाच्या आधी येतात. मुलाला ते सुचत नाहीत आणि आई ते काढत नाही. मुलानेच विचारावे, निदान बहिणीला किंवा बायकोला विचारायला सांगावे.

राहता राहिला गुडघ्यांचा प्रश्न. धावून गुडघे झिजतात, हा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा ठाम सिद्धांत. सव्वा लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हौशी धावकांमध्ये गुडघा वा खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण ३.५ टक्के, तर बैठ्या लोकांत १०.२ टक्के आढळले. व्यावसायिक पातळीवर कसून धावणाऱ्यांत मात्र ते १३.३ टक्के होते. हौशी धावक मुळातच निरोगी असल्यामुळेही हा फरक काही अंशी पडत असेल. तरी माफक धावण्याने चांगले गुडघे बिघडतात, या समजुतीला त्यातून दुजोरा मिळत नाही. ज्यांचे गुडघे आधीच झिजलेले आहेत, त्यांनी मात्र अस्थिरोगतज्ज्ञाचा सल्ला घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

खाणे आणि पाणी

मॅरेथॉनसाठी परदेशी पुड्यांवाचून अडत नाही. आदल्या दिवशी वरण-भात, पोळी, बटाट्याची साधी भाजी असा पचायला हलका, पिष्टमय आहार उत्तम. मिसळ आणि तळणीचे पदार्थ शर्यतीनंतरसाठी राखून ठेवावेत. शर्यतीच्या दिवशी दर तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जायला हवेत. केळे, खजूर, राजगिऱ्याची वडी, गुळाची चिक्की, मीठ लावलेला उकडलेला बटाटा यांतून ते मिळतात. कशाने पोट बिघडते, हे लांब सरावातच तपासून घ्यावे. शर्यतीच्या दिवशी नवे काहीही खाऊ नये. मधुमेह असलेल्याचे आणि नसलेल्याचे खाणे सारखे असणार नाही, हेही आधीच ठरवावे.

पाण्याच्या बाबतीत प्रेमापोटी होणारी चूक अशी, की प्रत्येक पाणपोईवर मुले आई-वडिलांना आग्रहाने पाणी पाजतात. पाणी कमी पडणे वाईट, तसे ते जास्त होणेही वाईट. रक्तातील सोडियम त्यामुळे घातक पातळीपर्यंत पातळ होऊ शकते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावकांपैकी १३ टक्क्यांमध्ये सोडियम कमी आढळले. चार तासांहून अधिक वेळ घेणारे आणि शर्यतीअखेर वजन घटण्याऐवजी वाढलेले धावक यांत ठळकपणे होते. सहा तास रस्त्यावर राहणारी जोडी याच गटात मोडते. तहानेनुसार प्यावे, केवळ साध्या पाण्यावर न राहता अधूनमधून क्षारयुक्त पाणी घ्यावे आणि लांब सरावापूर्वी व नंतर घरच्या काट्यावर वजन करून पाहावे. वजन वाढलेले दिसले, तर पाणी अधिक झाले. मळमळ, डोकेदुखी, बोटे सुजणे, बोलण्यात गोंधळ ही सोडियम उतरल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी आणखी पाणी न पाजता वैद्यकीय कक्ष गाठावा.

घरातला करार

सोबत धावण्याचे सर्वांत विलक्षण उदाहरण अमेरिकेतील डिक आणि रिक होइट या पिता-पुत्रांचे. रिक जन्मतः सेरेब्रल पाल्सीने ग्रस्त होता, चालू शकत नव्हता. १९७७ साली, पंधरा वर्षांचा असताना, त्याने एका धर्मादाय शर्यतीत भाग घेण्याची इच्छा वडिलांजवळ व्यक्त केली. धावपटू नसलेल्या डिक यांनी त्याची चाकांची खुर्ची ढकलत पाच मैल पूर्ण केले. पुढे दोघांनी मिळून हजारावर शर्यती केल्या, त्यांत बोस्टन मॅरेथॉन ३२ वेळा. डिक यांचे २०२१ मध्ये आणि रिक याचे २०२३ मध्ये निधन झाले. त्या दोघांत वेग कुणाचा, हा प्रश्न उद्भवलाच नाही. खुर्ची एक, वेग एक. दोन वेगळ्या जोडी पायांनी धावणाऱ्यांना ही सोय नसते. त्यांना आधी बोलावेच लागते.

काय बोलायचे? पहिले, वेग संथ असेल त्याचा राहील आणि तो वाढवण्याचा प्रस्तावही त्यानेच मांडायचा. 'बाबा, थोडं वाढवू या?' हा प्रश्न मुलीने विचारायचा नाही, कारण त्याला 'नाही' म्हणणे बाबांना जड जाते. दुसरे, ठरावीक किलोमीटरला, समजा दर पाच किलोमीटरला, दोघांनी एकमेकांना आपली अवस्था आकड्यात सांगायची. एक म्हणजे मजेत, पाच म्हणजे थांबायला हवे. 'ठीक आहे' हे उत्तर धरायचे नाही. आपल्याकडचे वडील हृदयविकाराच्या झटक्यातही 'ठीक आहे, जरा गॅस झालाय' म्हणतात, हे कोणत्याही डॉक्टरला विचारावे. तिसरे, छातीतील दडपण, भोवळ किंवा असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही झाले, तर शर्यत दोघांचीही तिथेच संपली. इथे चर्चा नाही, मतदान नाही.

चौथी बाब अधिक नाजूक आहे. एकाचा पाय मुरगळला, वांब आले, पण जिवाला धोका नाही. अशा वेळी दुसऱ्याने पुढे जायचे की थांबायचे? 'तू पुढे हो' असे म्हणणारे वडील मनापासून म्हणत आहेत की मुलीचे पदक हुकू नये म्हणून, हे पस्तिसाव्या किलोमीटरला कळत नाही. घरच्या टेबलावर, चहा घेताना हे ठरले असेल, तर त्या क्षणी कुणालाही अपराधी वाटत नाही. काही कुटुंबे थांबण्याचे ठरवतात, काही मदतकेंद्रावर सोपवून पुढे जाण्याचे. दोन्ही निर्णय योग्य. न ठरवणे तेवढे अयोग्य.

पाचवी गोष्ट अगदी कारकुनी, पण महत्त्वाची. छातीवर लावायच्या क्रमांकाच्या, म्हणजे बिबच्या, मागील बाजूस नाव, रक्तगट, आजार, औषधे आणि आणीबाणीतला दूरध्वनी लिहावा. वडील तिथे सवयीने मुलीचा क्रमांक लिहितात आणि मुलगी वडिलांचा. दोघेही त्याच रस्त्यावर घामाघूम धावत असतात आणि फोन सामानाच्या पिशवीत असतो. संपर्कासाठी घरी असलेल्या तिसऱ्या व्यक्तीचाच क्रमांक द्यावा. तसेच एकमेकांचे बिब कधीही बदलू नयेत. कोसळलेल्या माणसावर दुसऱ्याच्या माहितीनुसार उपचार सुरू होण्याइतका मोठा घोटाळा नाही.

शर्यतीचा दिवस

मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनचा मार्ग अनेक वर्षे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस परिसरातून मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली, वरळी, सागरी सेतू असा जाऊन परत दक्षिण मुंबईत येत आला आहे. या मार्गाची खरी परीक्षा परतीच्या पेडर रोडच्या चढावर, पस्तीस किलोमीटरनंतर असते. सकाळी उतरताना न जाणवलेला हा रस्ता परतताना डोंगर वाटतो. मार्गात वेळोवेळी बदल होतात. त्यामुळे त्या वर्षीचा नकाशा दोघांनी मिळून पाहावा आणि चढ कुठे, पाणी कुठे, वैद्यकीय कक्ष कुठे, याच्या खुणा मनात ठेवाव्यात. चढावर चालायचे, हेही आधीच ठरवावे.

पहिली पाच किलोमीटर गर्दी, ढोल-लेझीम आणि टाळ्यांच्या भरात पाय आपोआप वेग घेतात. तेव्हा ठरल्यापेक्षा हळू धावणे हेच जोडीतल्या तरुणाचे मुख्य काम. त्याने अर्धे पाऊल मागे राहावे. पुढे राहिला, तर वडील नकळत त्याला गाठू पाहतात. गर्दीत चुकामूक झाली, तर शोधाशोध न करता ठरलेल्या पाणपोईवर थांबावे.

शर्यतीनंतर लगेच खाली बसू नये, काही मिनिटे चालावे. कोरडे कपडे, खारे-गोड काहीतरी खाणे आणि तासाभराची विश्रांती झाल्यावरच घरी निघावे. थकलेल्या अवस्थेत गाडी तिसऱ्याने चालवावी. पुढचे दोन-तीन दिवस जिना उतरताना दोघांनाही कठडा धरावा लागेल. वडिलांना तो आठवडाभर लागला, तर काळजीचे कारण नाही. लघवी गडद तपकिरी होणे, ताप, छातीतले दुखणे मात्र दुर्लक्षू नये.

निकालपत्रकात दोघांची वेळ तीच असेल, पण तिचा अर्थ तोच नसेल. जागतिक प्रौढ अ‍ॅथलेटिक्स संघटनेच्या कोष्टकानुसार कोणाचीही वेळ त्याच्या वयाच्या व लिंगाच्या प्रमाण वेळेशी ताडून टक्क्यांत मांडता येते. या मोजमापाने तिशीतल्या मुलीशेजारी धावलेले साठीचे बाबा तिच्या पुढे निघतात. घरी परतल्यावर हा हिशेब त्यांना जरूर दाखवावा. पुढच्या वर्षीचा अर्ज भरायचा की नाही, हा निर्णय मात्र पाय दुखायचे थांबल्यावरच घ्यावा, आणि तोही दोघांनी आपापला.